मोहबारीची काठी

"काठी येस नही तोपर्यंत एक चाक बी हालावानं नही! तू आमदार ऱ्हाय, नाहीतर आमदारना बाप ऱ्हाय!"

बेबाबाई ओरडत होती. समोर पांढरी लांबलचक गाडी, गाडीच्या काचेतून कमरेपर्यंत बाहेर आलेला एक गॉगलवाला, आणि बेबाबाईची लाल झेंडी थेट त्याच्या बॉनेटवर.

"बाई, मी कोण आहे माहिती आहे का तुला?"

"तुले माहीत शे ना? मंग बस झायं."

मागचे ट्रकवाले इतके हसले, की एकाचा पाय क्लचवरून सुटून ट्रक बंद पडला. गॉगलवाल्यानं मग माझ्याकडे मोहरा वळवला. मी पाण्याच्या टँकरवरून नुकता उतरत होतो. "तुम्ही इथले मोठे का?"

"मोठा मीच," मी म्हटलं, "पण ही बाई माझ्याहून मोठी. तुमची घाई मला कळते, पण तिला सांगायची माझी हिंमत नाही."

तेवढ्यात वरून गाड्यांची रांग उतरली. शेवटी लालपरी. कंडक्टर दारात लटकून, हातात लाल फडकं गुंडाळलेली बाभळीची काठी. त्यानं काठी कपाळाला लावली आणि बेबाबाईच्या हातात दिली. तिनंही कपाळाला लावली, झेंडी खाली केली, आणि गॉगलवाला धूर ओकत वर गेला. मोहबारीत रोज असं चालायचं. रोज म्हणजे रोज. ती जागा सोडून मला आता बराच काळ झाला, पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिली तीच काठी उभी राहिली. मी आधी जरा हसवून घेतो. पुढे हसायला फारसं काही नाही.

मला सगळे नाना म्हणतात. मूळचा पारोळ्याचा, आता पिंप्राळ्यात मुलाकडे वरच्या मजल्यावर असतो, आणि खाली दूध आणायला उतरायचा जिना हाच माझा उरलेला घाट. आयुष्यभर रस्ते केले. इंजिनियर नव्हे, मुकादम. इंजिनियरची टोपी पांढरी, माझी पिवळी, ऊन दोघांना सारखंच. मी एखादी गोष्ट सांगायला बसलो की आमची मंडळी आधी गॅस बंद करून येते, भाजी जळू नये म्हणून. त्यामुळे मी सांगितलेल्यातलं थोडं चाळून घ्यावं, ही विनंती. पण काठीचं चाळू नये.

साक्रीच्या पुढे डोंगरात आमच्याकडे खिंडीला बारी म्हणतात. मोहबारी हे नाव नकाशात शोधू नका, मी जरा बदललेलं आहे. जुना घाट इतका अरुंद आणि इतका वळणांचा, की ड्रायव्हरला पुढच्या वळणावर आपल्याच गाडीचा मागचा दिवा दिसायचा आणि तो त्याला हॉर्न मारायचा. रावेरकडची केळी याच बारीतून गुजरातेत जायची आणि तिकडून येताना ट्रक रिकामे यायचे. तो घाट रुंद करायचा, कठडे बांधायचे, मोऱ्या मोठ्या करायच्या, असं काम एका कंपनीनं घेतलं आणि कंपनीनं मला घेतलं.

बाहेरच्यांना वाटतं, घाट रुंद करायचा म्हणजे डोंगर उडवायचा. पूर्वी तसंच होतं. सुरुंग लावला, शिट्टी मारली, पळालो, धडाम. आता जंगल राखीव. दोन्ही अंगांनी झाडी, झाडीत अस्वलं, बिबटे, मोर. वनखात्यानं परवानगी दिली ती अटींच्या गठ्ठ्यासकट. सुरुंग बंद, फक्त ब्रेकरनं खडक फोडायचा. सूर्य मावळला की मशीन बंद. खोदलेला मुरूम दरीत एक घमेलंसुद्धा ढकलायचा नाही, सगळा डंपरनं बारीबाहेर न्यायचा. प्रत्येक झाडाला पांढऱ्या रंगात नंबर, आणि त्या नंबराला ओरखडा आला तर आमच्या पगाराला ओरखडा. एकदा अस्वलीण व्यालेली होती म्हणून ब्रेकर चार वळणं लांब नेऊन ठेवला. गार्ड येऊन तोंडावर बोट ठेवून सांगून गेला. त्या दिवशी पोकलेनवाला जेवताना भाकरीसुद्धा हळू मोडत होता.

अटींवर आम्ही चिडायचो, पण मनातून मला त्या पटल्या होत्या. सुरुंगाच्या दिवसांत मी असे डोंगर पाहिलेत, की काम संपल्यावर पहिल्याच पावसात निम्मा डोंगर रस्त्यावर येऊन बसायचा. मोहबारीचा डोंगर जागेवर राहिला. आजही आहे.

फक्त एक अडचण होती. वळणरस्ता काढायला जंगलाची जागा लागते, ती मिळेना. मग रस्ता अर्धा खोदायचा आणि अर्ध्यावरून वाहतूक चालू ठेवायची. म्हणजे अंगात घातलेला सदरा, माणूस चालत असताना, शिवायचा. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. वर एक माणूस, खाली एक माणूस, मध्ये आंधळी वळणं. फोनला रेंज नाही. वॉकीटॉकी आणले, ते तीन वळणांपलीकडे बोलेनात. मनोरा उभारायचा तर पुन्हा वनजमीन, पुन्हा फाईल. मग वरच्यानं गाड्या सोडल्या आणि त्या सगळ्या उतरून संपल्या, हे खालच्याला कळणार कसं?

त्यासाठी काठी. ही पद्धत आमच्या धंद्यात जुनी आहे. वरचा माणूस रांगेतल्या शेवटच्या गाडीला काठी देतो. ती गाडी खाली पोचली की काठी खालच्याकडे येते. काठी आली म्हणजे वाट मोकळी. मग खालचा आपल्याकडच्या गाड्या सोडतो आणि शेवटच्या गाडीजवळ तीच काठी वर पाठवतो. सेल नको, रेंज नको. काठी शेवटच्या गाडीत असली की बस.

वर होता सुपडू. खाली त्याची बायको बेबाबाई. दोघं पायथ्याच्या गावचे, चाळिशी उलटलेले. सुपडू पूर्वी याच डोंगरात शेरडं चारायचा. कामावर लागले तेव्हा दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. दिवसभर एका काठीनं दोघांचा संसार चालला होता म्हणा ना! सुपडूनं काठी पाठवली की बेबाबाई म्हणायची, "धाडी का त्यानी? धाडूच नको म्हना." आणि लगेच गाड्या सोडायची. संध्याकाळी दोघं एकाच डंपरमधून घरी जायचे. तो पुढे, ती मागे.

सुरुवातीला काठी सारखी हरवायची. एका केळीवाल्यानं ती थेट सुरतेला नेली. एकानं बॉनेट टेकवायला लावली आणि तशीच विसरला. एका म्हाताऱ्यानं, हे मी पाहिलेलं आहे, मोटरसायकलवरून उतरून त्या काठीनं रस्त्यातल्या म्हशी हाकल्या आणि म्हशींबरोबर काठी घेऊन गेला. दर वेळी बारी बंद, दोन्हीकडे रांगा, आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा. पोकलेनला झेंडूची माळ, रोलरला नारळ, पहारी-घमेली ओळीनं मांडलेली. बेबाबाईनं त्या ओळीत काठी आणून ठेवली. "मनं हत्यार हेच," म्हणाली. काठीला हळदकुंकू, शेंदराचा टिळा, वर लाल फडकं. सगळ्यांनी नमस्कार केला. साहेबांनीही केला. साहेब म्हणजे कंपनीचे साइटवरचे मोठे, स्वभावानं वाईट नव्हेत, पण मुदतीची तारीख त्यांच्या कपाळावरच लिहिलेली.

त्या दिवसापासून काठी हरवणं बंद. लाल फडकं आणि शेंदूर बघून ड्रायव्हर आपोआप हात जोडायचे. कोणी पायाशी ठेवेना, कोणी सीटखाली टाकेना. बारीतल्या आईची काठी, असं कोणीतरी म्हणालं. मग कोणीतरी म्हणालं, जो ही काठी आडवी टाकेल त्याचे ब्रेक फेल होतात. हे मात्र मी सुरू केलेलं नाही. माझ्या कानावर आलं तेव्हा त्यात ब्रेकबरोबर टायरही फुटत होते, आणि मला त्यात भर घालायला जागाच उरली नव्हती. साहेब खूश. "नाना, एका फडक्यात सिस्टीम बसली बघा," म्हणाले.

पण एखादी वस्तू देव झाली, की तिला हात न लावणारी माणसंही तयार होतात. ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिला कोंबडीवाला. पिंजऱ्यांनी भरलेला टेम्पो रांगेत शेवटी. सुपडूनं काठी पुढे केली तर तो मागे सरला. "भाऊ, गाडीत रक्त सांडेल शे. पुढच्याले दे." सुपडूनं पुढच्याला दिली. कोंबडीवाला त्याच्या मागेच चिकटून उतरला, काही झालं नाही. मग एक स्कूटीवाली पोरगी, मान खाली घालून म्हणाली, "काका, आज माझ्याकडे नको." सुपडूनं तिच्या पुढच्याला दिली. तीही नीट उतरली. अशी सवय पडली. सुपडू पुढच्याला सांगायचा, "तुझ्यामागे एक शे, खाली सांगजो." पुढचा कधी सांगायचा, कधी विसरायचा. पण कोणी विसरतंही, हे खाली बेबाबाईला ठाऊक नव्हतं. नवरा-बायको बोलत नव्हते ना!

आता ते झाड. घाटाच्या मधोमध, सगळ्यात आंधळ्या वळणावर, मोहाचं एक जुनं झाड होतं. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न मावणारं. मला विचाराल तर आठ. त्यालाही नंबर. त्यामुळे ते वळण सरळ करता आलं नाही, आम्ही झाडाला राखून फक्त त्याच्याजवळची बाजू खोदली. पायथ्याच्या गावांची एक रीत होती. वरून मयत आणायची झाली, की या झाडापाशी विसावा द्यायचा. पूर्वी खांद्यावरून आणत, तेव्हा दमलेली माणसं तिथे ताटी खाली ठेवत, बुंध्याशी एक दगड ठेवत आणि खांदा बदलत. आता मयत जीपमधून येते, खांदा कोणाचा दमत नाही. तरी जीप थांबते, आणि दगड ठेवला जातो.

त्या दिवशी दुपारी वरून गाड्या सुटल्या. रांगेत सगळ्यात शेवटी एक जीप. तिच्यात धुळ्याच्या दवाखान्यात वारलेला एक म्हातारा, त्याचा मुलगा रतन, रतनची बायको, घरातल्या एक-दोन बायका आणि दोन-चार भाऊबंद. सुपडूनं काठी पुढे केली. रतन पुढच्या सीटवर होता. त्यानं हात आखडते घेतले.

"भाऊ, मयत शे गाडीमा. देवीनी काठीले हात कसा लावू?"

त्यात त्याचं काय चुकलं? सुतकातला माणूस तो. मीही लावला नसता. सुपडूनं काठी पुढच्या दूधवाल्या पिकअपला दिली. मागे दहा गाड्या हॉर्न मारत नव्यानं येऊन उभ्या होत्या, त्यांना अडवायला तो धावला. "मागे मयतनी जीप शे" हे दूधवाल्याला सांगायचं राहिलं, की त्यानं ऐकलं नाही, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. खरं दोघांनाही आठवत नव्हतं.

दूधवाला रिकामे कॅन खडखडवत सुसाट उतरला. जीप सावकाश उतरत होती, मयतीची गाडी कोणी पळवत नाही. दूधवाल्यानं काठी खाली दिली. बेबाबाईनं त्याला विचारलं, कारण काठी कोणाकडून आली हे विचारायची तिची रोजची सवय होती. तो म्हणाला, "वरच्यानं दिली." तिनं काठी कपाळाला लावली आणि झेंडी खाली केली. पहिला सुटला तो केळी उतरवून आलेला रिकामा ट्रक. रिकामा ट्रक चढावर काय धावतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल.

मी दोन वळणं वर रोलरपाशी होतो. ब्रेकर चालू होता, म्हणून टक्कर ऐकू आली नाही. ब्रेकर थांबला तेव्हा नुसत्या बायकांचा आवाज आला. मयतीची गाडी जाताना मी पाहिली होती, त्यामुळे मला वाटलं, विसाव्याला रडतायत. मी तंबाखू मळून घेतली. मग तो आवाज वेगळा वाटला आणि मी पळालो. माझ्या वयाला आणि पोटाला न शोभेल असा पळालो.

जीप वळणावर उभी होती, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. ट्रकवाल्यानं वळणातून बाहेर येताच जीप पाहिली, जीपभोवतीची माणसं पाहिली आणि सगळं स्टिअरिंग खोदलेल्या बाजूला मारलं. सगळ्यांना वाचवलं त्यानं. पण रतन त्या बाजूला होता. मोहाच्या बुंध्याशी वाकून बापाच्या नावाचा दगड ठेवत होता.

ते सगळं मी लिहिणार नाही. माझ्यासारख्याला एवढ्यावर थांबता येतं, हे माझ्या घरच्यांना खोटं वाटेल. एकच सांगतो. घाटाच्या वळणांवर हेलकावताना जीपमधल्या म्हाताऱ्याच्या अंगावरची चादर सरकली होती. रतनच्या बायकोनं खाली उतरायच्या आधी ती चादर वर ओढून सासऱ्याच्या पायांवर नीट केली. मग उतरली. उतरेपर्यंत तिनं मान वळवून बघितलं नाही.

सुपडू वरून धावत आला, बेबाबाई खालून. तिच्या हातात काठी तशीच. दोघं झाडापाशी समोरासमोर आले आणि कितीतरी महिन्यांनी सुपडू तिच्याशी बोलला.

"मी दूधवालाले दिन्ही. मयतवाला हात लावेत ना."

काठी तिनं कठड्याला टेकवली आणि रतनच्या बायकोशेजारी जमिनीवर जाऊन बसली. पोलीस येईपर्यंत तिथून उठली नाही.

पहिले दोन दिवस लोक झाडावर घसरले. झाड नसतं तर वळण सरळ झालं असतं, म्हणाले. साहेबही म्हणाले. मग झाडावर गुन्हा दाखल होत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि माणूस शोधायला सुरुवात झाली. माणसं दोनच होती. ज्यानं काठी चुकीच्या गाडीला दिली तो, आणि जिनं ट्रक सोडला ती. चौकशी लागणार होती. साहेबांनी मला तंबूत बोलावलं, खुर्ची दिली. एरवी मुकादमाला खुर्ची मिळत नाही.

"नाना, सुपडूनं काठी बरोबर जीपलाच दिली होती," साहेब म्हणाले.

"नाही साहेब, त्यानं..."

"ऐका. जीपला दिली. रतननं घेतली. पुढे वाटेत त्यालाच वाटलं, मयत आहे, काठी नको. त्यानं ओरडून दूधवाल्याला थांबवलं आणि त्याच्याकडे दिली. मग ह्यात आपल्या दोन्ही माणसांची चूक कुठे राहते?"

साहेब पुढे म्हणाले, "दूधवाला तयार आहे. ट्रकवाल्याला काही माहीत नाही. तुमचं ते दोघं ऐकतात. तुम्ही समजावून सांगा. गोष्ट कशी सांगायची, ते तुम्हाला मी काय शिकवू?"

कारागिरी म्हणून पाहिलं तर गोष्ट उत्तम होती. तिच्यात एकही बारीक छिद्र नव्हतं. जो खोटं म्हणणार होता, तो वारलेला, आणि जीपमधल्या बाकीच्यांना कोणी बोलावणार नव्हतं. सुपडू सुटत होता, बेबाबाई सुटत होती, कंपनी सुटत होती, काम सुरू राहत होतं. मेलेल्याला शिक्षा होत नाही. फक्त स्वतःच्या चुकीनं गेलेल्याच्या बायकोला कंपनीकडून मदत मिळत नाही. पण ते तंबूत कोणी बोललं नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. सुपडूला गोष्ट शिकवली. तिच्यात मी दोन-तीन फुलं टाकली, सवयच ती. रतन काठीला आधी पाया पडला, मग म्हणाला, दे भाऊ, बापाला शेवटचं दर्शन होईल. असं काही असलं की गोष्ट खरी वाटते. सुपडू रडत रडत पाठ करत होता. त्याला रडू खरं येत होतं, त्यामुळे आणखीच जमत होतं. बेबाबाई चुलीपाशी शेंगा सोलत होती.

"अक्का, तुला एवढंच म्हणायचं," मी म्हटलं. "दूधवाला म्हणाला, जीपवाल्यांनी दिली. बस्स."

तिनं शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले.

"आनी ती बाई?"

"कोणती?"

"रतननी."

"तिला कोण विचारतंय, अक्का?"

पुढे ती काही बोलली नाही. मी ते होकार म्हणून घेऊन निघालो. बेबाबाईला आपण ओळखतो, असं मला वाटत होतं. नवऱ्याशी महिनोन्महिने अबोला धरणारी बाई, पण त्याला ताप आला की डंपर थांबवून दवाखान्यात नेणारी. नवऱ्याला ती वाऱ्यावर सोडणार नाही, याची मी पैजच घेतली असती.

चौकशी सरकारी विश्रामगृहात झाली. टेबल, पंखा, एक अधिकारी. साधा, शांत माणूस, आवाज न चढवणारा. रतनची बायको भिंतीशी बसली होती, तिला कोणी आत बोलावलंच नव्हतं, ती आपली आली होती. सुपडूनं गोष्ट सांगितली. फुलांसकट सांगितली. "शेवटचं दर्शन" म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि अधिकाऱ्यांनी त्याला पाणी दिलं. भिंतीशी बसलेल्या बाईनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दूधवाल्यानं मान हलवत हलवत तेच सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहून पापणी मिटली.

मग बेबाबाई.

"बाई, काठी तुमच्याकडे कोणी आणली?"

"दूधवालानी."

"त्याला कोणी दिली म्हणाला?"

बेबाबाई सरळ उभी होती, पदर कमरेला खोचलेला, झेंडी धरते तसा हात बाजूला.

"वरच्यानी."

"वरचा म्हणजे? जीपवाला?"

"नही. वर जो उभा ऱ्हास तो. काठी देस तो."

"त्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव ती कधी घ्यायची नाही. तिनं सुपडूकडे बोट दाखवलं.

"हाऊ. मना घरवाला."

सुपडूनं हातातला ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, तो ओरडेल, तिच्या अंगावर जाईल. तो खाली मान घालून म्हणाला, "हां. मीच दिन्ही. तो पोऱ्या हात लावे ना." मग सगळंच सांगितलं त्यानं. कोंबडीवाला, स्कूटीवाली पोरगी, सगळं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. सुपडूवर गुन्हा दाखल झाला, निष्काळजीपणाचा. काही दिवस आत होता, मग जामीन. खटला अजून चालू आहे, तारखांना तो धुळ्याला एसटीनं जातो. कामावरून दोघंही गेले. रतनच्या बायकोला मदत मिळाली, उशिरा, पण मिळाली. साहेबांची बदली झाली. घाट पूर्ण झाला, सुंदर झाला, आणि जनावरांसाठी खालून काढलेल्या मोरीतून बिबट्या जातो, हे मी म्हणत नाही, वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसतं. तुम्ही सुरतेला गेलात तर त्या रस्त्यानं जा. मोहाच्या झाडापाशी आता वळणावर मोठा गोल आरसा आहे. आणि काठीऐवजी आता अशा कामांवर सौर दिवे लावतात. लाल, हिरवा. त्यांना कोणी नमस्कार करत नाही, हे बरं आहे.

विश्रामगृहातून निघालो तेव्हा सुपडूला पोलीस घेऊन गेले होते. मी आणि बेबाबाई एका काळी-पिवळीत मागच्या बाकावर बसलो. बारीच्या पायथ्यापर्यंत मी गप्प बसून होतो. असा मी जन्मात बसलेलो नाही. शेवटी राहवलं नाही.

"अक्का," मी म्हटलं, "एवढी गोष्ट शिकवली. एकच वाक्य होतं तुझं. कोणाला काही कळलं नसतं. नवरा शे ना तो तुना!"

ती खिडकीबाहेर पाहत होती.

"हां, नाना," ती म्हणाली, "माले माहीत शे."